औदुंबराखाली गप्प बसण्याचा नेम

दुपारची जेवणं आटोपून मी ओट्यावर तांदूळ निवडायला बसले होते. आमच्या डोंबिवलीच्या घराला अजून कुंपण नाही, त्यामुळे येणारा माणूस बराच लांबून दिसतो. ठाण्याचे जावईबापू, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, शेताच्या बांधावरून बोडक्या डोक्याने येताना दिसले आणि मी सूप खाली ठेवलं. टोपीशिवाय घराबाहेर पडणारे ते गृहस्थ नव्हेत. ओट्याशी येऊन थांबले, पण चपला काढाव्यात की नाही हेच त्यांना सुचेना. "सकाळी आंघोळ करून गॅलरीत येऊन बसल्या. चहा घेतला. कप खाली ठेवला, आणि..." एवढंच बोलले. आत्याबाई गेल्या होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा ठाण्याला लेकीकडे राहायला गेलेल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची जुनी रीत आहे. त्यांना जाऊन आता महिना उलटला. पेपरच्या पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात ती माणसं सभा गाजवलेली, निदान एखादी शाळा काढलेली असतात. आत्याबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांचं नाव छापून आलं ते लग्नपत्रिकांत, तेही मामंजींच्या नावाला 'सौभाग्यवती' म्हणून जोडून. कल्याणात मात्र तळ्याच्या बाजूच्या वस्तीत त्यांना फार मान होता, आणि ज्या गोष्टीसाठी तो मान होता तिची त्यांना शेवटपर्यंत खंत वाटत राहिली. ती गोष्ट त्यांनी माझ्यासाठी केली होती, म्हणून सांगायचा अधिकार माझा.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षीची हकिगत. आम्ही तेव्हा कल्याणला एका वाडीत, माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, लग्नाची नणंद आणि माझं तान्हं बाळ. खाली पिठाची गिरणी होती. तिचं इंजिन सकाळी उजाडलं की पुकपुकायला लागे, आणि आमच्या फळीवरची भांडी दिवसभर एकमेकांना हळूहळू धक्के देत पुढे सरकत. संध्याकाळी ती पुन्हा मागे सारायची हे घरातलं एक कामच होतं. बाळाला त्या आवाजातच झोप लागायची. दसऱ्याच्या सुमाराला त्याला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. बाळ गेलं तेव्हाही गिरणी चालू होती. गिरणीवाल्याचा काय दोष, लोकांना पीठ हवंच असतं. पण त्यानंतर मला ते इंजिन सहन होईना. स्टोव्हचा आवाज सहन होईना, कुणी मोठ्याने हाक मारलेली सहन होईना. रडू तर अजिबात येत नव्हतं. दोन खोल्यांत रडायचं कुठे? एकीत मामंजी पेपर वाचत बसलेले आणि दुसरीत चूल. सांत्वनाला येणाऱ्या बायका माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघत आणि जिन्यात जाऊन कुजबुजत. मी जेवत होते, भाकऱ्या थापत होते, पण थापता थापता हात थांबत आणि तव्यावरची जळून काळी होई.

एकदा अशीच भाकरी जळाली तेव्हा आत्याबाईंनी ती उलथन्याने काढली, तवा खाली उतरवला आणि माझ्याजवळ बसल्या. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. "अगो, माझीही दोन गेली," त्या म्हणाल्या. "तेव्हा गावाला घरामागे वहाळ होता. धुण्याचे पिळे घेऊन जायचं, दगडावर बसायचं. पाणी आपलं वाजतच असतं, वर पाखरं असतात. पोटभर रडायचं नि धुणं घेऊन घरी यायचं. धुणं ओलं, डोळे ओले, कोण विचारणार? इथे घरात नळ आला. सोय झाली हो, नाही म्हणत नाही. पण बायकांची रडायची जागा गेली." नळावर इतका अचूक ठपका मी नंतर कुणाच्याही तोंडून ऐकला नाही.

त्याच दिवशी त्यांनी मामंजींजवळ विषय काढला. तळ्याच्या काठी एक बाग होती, तिथे सुनेला संध्याकाळी थोडा वेळ बसू द्यावं. मामंजींनी चष्मा काढला. "बागेत? बागेत काय करायचं?" "बसायचं." "घरंदाज बाई बागेत जाऊन नुसती बसते? आपण काय लाटसाहेब लागून गेलो? उद्या चार लोकांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं?" मामंजी दुष्ट नव्हते. बाळाच्या आठवणीने त्यांनाही रात्र रात्र झोप नसे. पण चार लोक हे त्यांच्या घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस होतं, आणि त्यांच्या शब्दाबाहेर मामंजी कधी गेले नाहीत.

आत्याबाईंनी वाद घातला नाही. मार्गशीर्ष लागला तसं त्यांनी पंगतीला आमटी वाढता वाढता जाहीर केलं, "सुशीला उद्यापासून औदुंबराचा नेम धरते आहे." मामंजींनी विचारलं, कसला नेम. "दत्तगुरूंचा. तळ्याच्या बागेत औदुंबर आहे ना, त्याच्याखाली तिसऱ्या प्रहरी जाऊन बसायचं आणि दिवेलागणीला उठायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, जपसुद्धा करायचा नाही. गप्प बसून जे कानावर येईल ते ऐकायचं." मामंजी म्हणाले, "असला नेम मी कधी ऐकला नाही." त्यावर आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पुरुषमाणसं. बायकांचे नेम तुम्हाला कुठून ठाऊक असणार?" मामंजींनी आणखी आमटी मागितली आणि परवानगी मिळाली. पावसाळ्यात कसं करणार, असं माझ्या नणंदेने विचारलं, तर त्यालाही उत्तर तयार होतं. चातुर्मासात हा नेम बंद असतो!

बाग म्हणजे काही राजाची बाग नव्हती. मेंदीचं कुंपण, कर्दळीचे वाफे, चार-दोन लोखंडी बाकं, मधून एक लाल मातीची वाट. कोपऱ्यात तळ्याकडे झुकलेला जुना औदुंबर आणि त्याच्या मुळांवर बसण्यासारखी जागा. पहिले काही दिवस आत्याबाई बरोबर आल्या. त्या वाती वळत बसायच्या, मी समोर बघत बसायची. खरं सांगायचं तर मला काही ऐकू येत नव्हतं. गिरणी माझ्याबरोबर बागेत आली होती. कानात तेच इंजिन, तेच पुकपुकणं. मी एकदा हे त्यांना सांगितलंही, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. नेमात बोलायचं नव्हतं.

मग केव्हातरी, थंडी सरत आली होती तेव्हा, माझ्या पुढ्यात एक पिकलेलं उंबर पडलं. टप्, एवढाच आवाज. पण तो मला ऐकू आला. त्यामागोमाग कळलं, की वर एक तांबट पक्षी केव्हापासून टुक टुक टुक करतो आहे. पलीकडच्या काठावर धोबी कपडे आपटत होता, आणि त्याचा हात वर गेल्यावर आधीच्या फटक्याचा आवाज पाण्यावरून आमच्याकडे पोचत होता. माळी झारीने कर्दळींना पाणी घालत होता. ते पानांवर पडताना वेगळं वाजे, मातीत पडताना वेगळं. तळ्यातल्या पाण्याची तिरीप झाडाच्या खालच्या फांद्यांवर हलत होती. या सगळ्यात माझ्यासाठी असं काहीच नव्हतं. कुणी माझी समजूत घालत नव्हतं, कुणी 'देवाची इच्छा' म्हणत नव्हतं. मी असले काय नि नसले काय, ते चालूच राहणार होतं... आणि त्याचाच मला आधार वाटला. मी पदर तोंडाला लावून रडले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या वाती वळणं तेवढं थांबलं.

बागेत आमच्याशिवाय रोज येणारं आणखी एकच माणूस होतं. विठ्ठलवाडीच्या पलीकडे तेव्हा सिंधमधून आलेल्या लोकांची छावणी होती, तिथून एक म्हातारे गृहस्थ चालत येत. पांढरा पायजमा, हातात काठी, औदुंबराजवळचं बाक त्यांचं ठरलेलं. तेही कुणाशी बोलत नसत. डोळे मिटून, हनुवटी काठीवर टेकवून ऐकत बसत. आमची भाषा निराळी, मुलूख निराळा, आणि आम्हाला तर नेमाने बोलायची बंदी! पुढे पुढे आम्ही आलो की ते काठी किंचित उचलत. आत्याबाई मान हलवत. एवढीच ओळख. "त्या बाबाचा वहाळ तर किती लांब राहिला," आत्याबाई एकदा घरी येताना म्हणाल्या.

मी माणसात आले. भाकऱ्या जळायच्या थांबल्या. गिरणी चालू आहे हे कधी कधी माझ्या लक्षातही येईनासं झालं. पुढच्या वर्षी मला दिवस राहिले आणि मुलगी झाली, धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. आणि तिच्या बारशालाच आत्याबाईंच्या हातून गोष्ट निसटली. शेजारच्या गोदूकाकूंनी पाळण्याची दोरी धरून सगळ्या बायकांच्या देखत सांगितलं, "औदुंबराचा नेम फळला हो! कोरड्या डोळ्यांची पोर, बघा कशी फुलली." गोदूकाकू मनाने सोन्यासारखी बाई, पण तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टेशनापलीकडे पोचायची. आत्याबाईंनी बोलणं हसण्यावारी नेलं. नेमाचं फळ मिळालं हे खरंच होतं, आता नाही तरी कसं म्हणणार?

आठवड्याभरात एक बाई औदुंबराखाली येऊन बसली. मग आणखी एक, मूल नसलेली. मग एकीचा नवरा आजारी, एकीच्या मुलीचं लग्न जमेना. सुरुवातीला त्या खरोखरच गप्प बसत, आणि आत्याबाईंना त्यांचं काही वाटलं नाही. उलट बऱ्याच जणींची सोय झाली म्हणून त्या खूश होत्या. पण आपल्या बायकांना झाडाखाली रिकाम्या हाताने बसवत नाही. कुणी हळदकुंकू वाहिलं. कुणी बुंध्याला सूत गुंडाळलं. कुणी गुरुवारी पेढे वाटले. मग कुणीतरी गाणगापूरहून पादुका आणल्या, आणि त्या उघड्यावर ठेवायच्या कशा, म्हणून पार बांधायचं ठरलं. आत्याबाईंनी तेव्हा आणखी एक युक्ती करून पाहिली. त्यांनी गोदूकाकूंना बजावलं, की या नेमात घंटा चालत नाही, आरती चालत नाही, शांतता मोडली की नेम मोडतो. खोट्याला खोट्याचं ठिगळ. वर्षभर ते टिकलं. मग पुरुषमंडळींनी कारभार हातात घेतला, समिती झाली, आणि पुरुषांना बायकांचे नेम कुठून ठाऊक असणार?

पादुकांच्या स्थापनेचा मान आत्याबाईंना द्यायचा म्हणून बायका नारळ घेऊन घरी आल्या. मामंजी अभिमानाने फुलले होते. आत्याबाईंनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "गोदूताई, आज खरं सांगते. या नेमात देव नव्हता. माझ्या सुनेला घटकाभर शांत बसता यावं म्हणून मी तो मनानेच रचला. पोथीत नाही, पुराणात नाही. तुम्ही तिथे जरूर बसा, पण पार नको, पादुका नकोत. ती जागा आहे तशी राहू द्या." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. मामंजींचा चेहरा पांढरा पडला होता. पण गोदूकाकूंनी चक्क वाकून आत्याबाईंच्या पायांना हात लावला. "माई, तुमचा हाच मोठेपणा! साक्षात्कार झालेली माणसं असंच बोलतात, स्वतःकडे काही घेत नाहीत." बाकीच्या जणींनीही मान डोलावली. मामंजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला. आत्याबाई मात्र हातातला नारळ मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. आयुष्यात एकदा जीव मुठीत धरून खरं बोलल्या, आणि तेवढंच कुणी खरं मानलं नाही.

स्थापनेला त्या गेल्या नाहीत, अंग दुखतंय म्हणून पडून राहिल्या. पार झाला, त्यावर पत्रा आला, पितळेची घंटा आली. भक्तांना उभं राहायला जागा हवी म्हणून औदुंबराजवळचं ते लोखंडी बाक उचलून फाटकापाशी, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं. शेवटी कर्णा आला. गुरुवारी तो तिसऱ्या प्रहरापासून जो सुरू होई, तो आमच्या माडीपर्यंत ऐकू येई. पुढे गुरुवारच कशाला म्हणून रोज. गिरणी आणि कर्णा यांच्यामध्ये आम्ही राहत होतो. मी एकदा मुलीला घेऊन बागेत गेले. उंबरं पिकून पारावर पडत होती आणि एक पोरगा ती झाडूने लोटत होता, भक्तांच्या पायाखाली येतात म्हणून. फाटकाजवळच्या बाकावर कुणी नव्हतं. छावणीतले ते बाबा पुन्हा दिसले नाहीत. मी घरी येऊन हे आत्याबाईंना सांगितलं, आणि न सांगते तर बरं झालं असतं असं नंतर अनेकदा वाटलं.

मला त्या बायकांचा राग येत असे. आता येत नाही. त्यांनाही बसायचंच होतं. घरी खाली गिरणी नसली तरी कुणाच्या डोक्यात काय पुकपुकतं आहे, हे कुठे बाहेरून कळतं? देवाचं नाव घेतल्याशिवाय त्यांना घरातून सोडणार कोण? आत्याबाईंनी जी पळवाट माझ्यासाठी काढली ती सगळ्यांनाच हवी होती, आणि सगळ्या एकदम त्या वाटेने गेल्यामुळे वाटच बुजली.

मामंजी गेल्यावर आम्ही डोंबिवलीला जागा घेतली. इथे घराच्या मागे भातशेतं, मानपाड्याकडे जाणारी बैलगाडीची वाट, वाटेवर एक तळं आणि त्याच्या बांधावर बाभळी. संध्याकाळी बगळे येतात, वारा आला की बाभळीच्या वाळलेल्या शेंगा खुळखुळतात. मी आत्याबाईंना कितीदा म्हटलं, चला, बसून येऊ. त्या दारापर्यंत यायच्या आणि थांबायच्या. "नको गो. मी बसेन तिथे देऊळ उगवेल." हे थट्टेनेच म्हणायच्या, पण कधी आल्या नाहीत. ज्या बाईने मला ऐकायला बसवलं ती आयुष्याची शेवटची वर्षं घराच्या चार भिंतींत, प्रायमस आणि पोरांच्या गोंगाटात राहिली, याचं मला फार वाईट वाटतं. लेकीकडे ठाण्याला जाऊन राहिल्या तर तिथेही घरासमोरच्या तळ्याकडे पाठ करून बसायच्या.

शेवटची भेट ठाण्याची. जायच्या थोडे दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. त्या एकदम म्हणाल्या, "त्या बाबाला दुसरीकडे कुठे जागा मिळाली असेल का गो?" कोण बाबा ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, मिळाली असेल. त्यांनी मान हलवली, म्हणजे पटलं नाही. "मी ह्यांच्याशी सरळ भांडायला हवं होतं. सून बागेत बसणार, लोक काय म्हणायचं ते म्हणोत, असं सांगायला हवं होतं. मी देवाला मध्ये घातलं. सोपं होतं ना... आणि त्या म्हाताऱ्याच्या बाकाचं वाटोळं केलं." मी त्यांचा हात धरून बसले आणि उठायची वेळ झाली तशी उठले. उत्तर सुचलं ते परत येताना, स्टेशनवर. तुम्ही भांडला असतात तर मामंजी जिंकले असते आणि मी त्या माडीवर वेडी झाले असते. पुढच्या खेपेला सांगेन, असं ठरवलं. पुढची खेप कुठली?

दिवसकार्याला कल्याणच्या बायका आल्या होत्या. गोदूकाकू आता वाकल्या आहेत, काठी टेकत आल्या. त्यांनी डोळे पुसत, आमच्या इथल्या शेजारणींच्या देखत सांगितलं, की आत्याबाई गेल्या त्याच्या पुढच्या गुरुवारी आरतीनंतर कर्ण्यावरून माईंचं नाव घेतलं, सगळ्या वस्तीने ऐकलं. मी त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार?

आमच्या शेजारच्या घरात कुसुम नावाची सून आहे. बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती गेल्या महिन्यात रिकाम्या हाताने परत आली. दोरीवर घालायला घेतलेलं लुगडं हातात धरून ती तशीच उभी राहते, आणि त्याचं पाणी तिच्या पायांवर गळत राहतं. मला ते उभं राहणं ओळखीचं आहे. मी तिच्या सासूबाईंकडे, काकींकडे गेले. ठाण्याला आत्याबाई जे बोलल्या ते मनात होतं, म्हणून सरळच बोलायचं ठरवलं. "काकी, कुसुमला संध्याकाळी माझ्याबरोबर तळ्याच्या बांधावर पाठवा." "कशाला हो?" "बसायला." "बसायला घर आहे की!" मी भांडून पाहिलं. डॉक्टरांचं नाव घेतलं, मोकळ्या हवेचं नाव घेतलं, जग बदललं हेही सांगितलं. काकी चहा पाजून गोड बोलल्या आणि कुसुम घरातच राहिली.

परवा ती पुन्हा तशीच दोरीपाशी उभी दिसली, आणि मी पुन्हा गेले. "काकी, कुसुमला एक नेम घालून द्यावा म्हणते."

काकी ताठ बसल्या. "कसला नेम?"

"मानपाड्याच्या वाटेवर तळ्याच्या बांधाला बाभळी आहेत, त्यातल्या एकीखाली तिसऱ्या प्रहरी बसायचं. बोलायचं नाही. फुलं, हळदकुंकू, काही न्यायचं नाही. आणि फळला तरी जन्मात कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की मोडतो."

"बाभळीखाली?" काकी म्हणाल्या. "बाभळीखाली कुठला आलाय देव?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. "सांगितला कुणी हा नेम?"

"आमच्या आत्याबाईंनी."

काकींनी डोळे मिटून हात जोडले. ते जोडलेले हात धरून खाली करावेत, खरं काय ते सांगून टाकावं, असं मला फार वाटलं. पण आतल्या खोलीत कुसुम चपला शोधायला लागली होती.